भोपळ्याचा नमस्कार

माटोळी बांधावी तर मुळगावच्या गोकुळदासनं, असं सगळा गाव म्हणायचा. निदान गोकुळदास तरी तसं सांगायचा. चवथीला गणपतीच्या मखरावर छतापासून लाकडी चौकट टांगायची, तिला नारळ, सुपारीचे घड, तवशी, चिबूड, तोरिंगं, झालंच तर नावंही विसरत चाललेली रानफळं बांधायची आणि देवाच्या डोक्यावर हिरवंगार छत उभं करायचं, हे काम त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. बांधायला दोर फक्त केवणीच्या सालीचा. तो रानातून आणायचा स्वतः, भिजवायचा स्वतः, वळायचा स्वतः. माटोळीच्या आसपास नायलॉन दिसलं की गोकुळदासचं डोकं फिरायचं. गेल्या चवथीला शेजारच्या कृष्णनाथकडे दर्शनाला गेला असता त्याला एका नारळामागे निळी दोरी दिसली. झालं, हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवून त्यानं पाहुण्यांसमोरच कृष्णनाथला फैलावर घेतलं.

"केवण म्हणजे केवण रे. ताणत नाय, सरकत नाय, देवाक फसवत नाय. ही निळी दोरी बांधून तू कोणाक फसवतंस?"

कृष्णनाथ त्या दिवशी नुसता पानाला चुना लावत बसला. पण ती गोष्ट त्यानं जपून ठेवली होती, हे गोकुळदासला कळायला वर्ष जावं लागलं.

तर अशा ह्या कडक माणसानं यंदा माटोळीला चक्क रबर बांधलं. मुद्दाम नव्हे हो. परसातला भोपळा ह्या वर्षी असा काही पोसला होता की तो उचलून आणताना सत्यवतीनं, म्हणजे गोकुळदासच्या बायकोनं, दोनदा "अगो बाय" म्हटलं. "लहान घेया मरे," असंही ती म्हणाली. पण मधोमध हाच भोपळा लागला पाहिजे असा गोकुळदासचा हट्ट. चवथीच्या सकाळी बाकी सगळी माटोळी बांधून झाली, शेवटी भोपळा वर चढवला आणि केवणीचा दोर पटकन तुटला. दुसरा दोर शिल्लक नव्हता. चित्रशाळेतून मूर्ती आणायची वेळ झालेली, ओसरीवर आरतीला घुमट वाजवणारे येऊन बसलेले. गोकुळदासनं इकडंतिकडं पाहिलं. बाजूच्या खोलीच्या खिडकीच्या गजाला एक रुंद हिरवी पट्टी बांधून ठेवलेली होती. त्यानं ती ओढून बघितली, तुटत नव्हती. मोटारसायकलवर सामान बांधायची असणार, असं म्हणून त्यानं ती दुहेरी केली, भोपळ्याच्या देठाला गाठ मारली, वरून आंब्याच्या पानांचे टाळे बांधून सगळं झाकलं आणि हात झटकले. एका चवथीपुरतं देव समजून घेईल, असं त्याचं म्हणणं. कृष्णनाथला दिसणार नाही एवढं पाहिलं की झालं.

देव बसला. पूजा झाली. आणि दुपारच्या पानावर गोकुळदासनं वडा उचलला असेल नसेल, तोच आतून सिद्धीचा आवाज आला.

"आई, माझी पट्टी कोणी घेतली? हिरवी पट्टी?"

गोकुळदासच्या हातातला वडा हातातच राहिला.

आता ही पट्टी काय ते सांगायला हवं. सिद्धी ही गोकुळदासची एकुलती एक मुलगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, उंच, काटक, व्हॉलीबॉल खेळणारी. ती जाळ्यावर उडून चेंडू मारायला लागली की समोरची मंडळी आपोआप मागं सरकायची. गेल्या उन्हाळ्यात साखळीच्या मैदानावर चेंडूसाठी झेप घेतली, उजव्या हातावर पडली आणि खांदा जागचा निसटला. तो बसवला, दुखणं गेलं, पण हात पहिल्यासारखा राहिला नाही. मग डिचोलीला डॉक्टर अश्विनीकडे व्यायाम सुरू झाले. गोव्याच्या संघाची निवड चवथ उलटली की लगेच होती आणि कॉलेज संपलं की पुन्हा तशी संधी येणार नव्हती. पोरीनं तेवढ्यासाठी उन्हाळा आणि पावसाळा घालवला होता. आधी व्यायामाची पिवळी रबरी पट्टी, ती मऊ. मग तांबडी, ती जरा कडक. तिथून हिरव्या पट्टीपर्यंत पोचायला तिनं रडून घेतलं होतं, तेही कोणाला न दाखवता.

गोकुळदास एकदा तिच्याबरोबर दवाखान्यात गेला होता. तिथं त्याला दिसलं ते एवढंच, की मुलगी हात वर नेते आणि खाली आणते, आणि डॉक्टर मान वाकडी करून बघते. त्याला हसूच आलं होतं.

"ताकद आलीय," डॉक्टर अश्विनी सिद्धीला म्हणाली होती. "ताबा अजून आलेला नाही. वर नेणं जमतंय. खाली आणताना बघ, इथं खांद्याच्या खाली आला की थरथरतो. खाली येताना स्नायूंनी हात धरून ठेवला पाहिजे. ते जमल्याशिवाय चेंडू मारलास तर खांदा पुन्हा निसटेल."

"खाली आणूक व्यायाम कित्याक जाय डॉक्टर?" गोकुळदासनं विचारलं होतं. "हात आपोआप खाली येता. मी खाणीवर डंपर चालवलाय अख्खी उमर. खांदा म्हणजे काय ता माका सांगूक नको."

डॉक्टरनं त्याच्या हातात एक वजन दिलं. त्यानं ते झटक्यात वर नेलं आणि धाडकन खाली आणलं.

"हात वर नेलात तो ताकदीनं, काका. खाली आला तो वजनानं. मधे तुम्ही कुठं होता?"

सिद्धी खुदकन हसली होती. गोकुळदासला त्यातलं काही कळलं नव्हतं आणि जे कळलं ते आवडलं नव्हतं.

ती हिरवी पट्टी आता गणपतीच्या डोक्यावर, आंब्याच्या टाळ्यांत, भोपळ्याला धरून लोंबत होती. आणि इकडं सिद्धी घर पालथं घालत होती. तिनं गादी उलटी केली, कपाट रिकामं केलं, तुळशीमागंही जाऊन बघितलं. चवथीचे दिवस, सगळा गोवा कडीकुलपात. दवाखाना बंद, दुकानं बंद, दुसरी पट्टी आणायची कुठून. त्यात डॉक्टर अश्विनी परवा संध्याकाळी दर्शनाला येणार होती आणि तिथंच खांदा बघून निवडीला जायचा कागद द्यायचा की नाही ते ठरवणार होती. सिद्धीनं तिला फोन लावला.

"पट्टी नसली तर पाण्याची बाटली घे," डॉक्टर म्हणाली. "पण उतरवताना सावकाश. परवा मला थरथर दिसली तर मी कागद देणार नाही, आधीच सांगते. गोव्याचा संघ पुढच्या वर्षीही असेल, खांदा एकच आहे."

फोन ठेवून सिद्धी बापाजवळ येऊन बसली. "बाबा, तू बघितलीस काय रे?"

गोकुळदासनं आयुष्यात खोटं बोलणं कमी केलं होतं अशातला भाग नाही, पण मुलीच्या तोंडावर बोलायची पाळी आली नव्हती. त्यानं सोलकढीचा पेला उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. "बघूया," तो म्हणाला. "घरातच असतली."

घरातच होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण देव बसला की विसर्जनापर्यंत माटोळीला हात लावायचा नाही हा नियम, आणि तो गावभर सांगत फिरणारा माणूस हाच. काढायची तर कोणाच्या देखत काढणार? त्याला स्वतःचा असा संताप आला की त्यानं पानातली मिरची चावली.

जेवणं आटोपून घर आडवं झाल्यावर तो हळूच स्टुलावर चढला. भोपळा सकाळपेक्षा वीतभर खाली आला होता. केवण ताणत नाही, रबर ताणतं, एवढी साधी गोष्ट सकाळी त्याच्या डोक्यात आली नव्हती. त्यानं गाठ चाचपायला एक हात वर नेला, दुसरा भोपळ्याला लावला, आणि तेवढ्यात दारात बहीण उभी. सुविधा, मोरजीला दिलेली, चवथीला माहेरी आलेली. तिला सगळ्यात काहीतरी दिसायची जुनी सवय.

"दादा, काय करता रे तू?"

गोकुळदासनं दोन्ही हात चटकन जोडले. "नमस्कार करतंय."

"भोपळ्याक?"

"माटोळीक," तो म्हणाला आणि स्टुलावरून उतरला.

सुविधा बघतच राहिली. हा भाऊ देवळात गेला तरी पुजाऱ्याला चुका दाखवून येणारा. तो भर दुपारी, कोणी बघत नसताना, स्टुलावर चढून हात जोडतो, म्हणजे त्याला वर काहीतरी दिसलं असणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. संध्याकाळी आरती चालू असताना ती जास्वंदीचा हार घेऊन पुढं झाली आणि तो तिनं देवाच्या आधी भोपळ्याच्या देठाला घातला. हाराचं वजन पडलं, भोपळा सावकाश खाली वाकला, आणि मग तितक्याच सावकाश थोडासा वर उठला.

घुमटावरचा हात थांबला. झांज थांबली. एक टाळी मात्र चुकून वाजली, ती गोकुळदासची.

"नमस्कार केलो," सुविधा हळू आवाजात म्हणाली. "भोपळ्यान गणपतीक नमस्कार केलो."

सत्यवतीनं पदर डोक्यावर घेतला. आरतीला आलेली वाड्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी म्हणालं, वाऱ्यानं हललो असतलो. पंखा बंद होता. मग दुसऱ्या एका बाईनं धीर करून आपला हार घातला आणि भोपळा पुन्हा वाकला, पुन्हा उठला. गोकुळदासला घाम फुटला होता. त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण दारात कृष्णनाथ उभा होता, पान चघळत, वर बघत, आणि त्याच्या समोर "रबर" हा शब्द गोकुळदासच्या तोंडातून निघेना.

सुविधानं तो नमस्कार मोबाइलवर घेतला आणि मोरजीला धाडला. मोरजीहून तो कुठं कुठं गेला ते देवालाच ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात गाड्या लागल्या. नार्व्याहून माणसं आली, पेडण्याहून आली, दोडामार्गाहून एक टेम्पो भरून आला. येणारा प्रत्येक जण हार घेऊन येत होता, कारण हार घातल्याशिवाय नमस्कार होत नाही हे सगळ्यांना कळलं होतं. आणि प्रत्येक हाराबरोबर भोपळा जो खाली जायचा तो तेवढाच वर यायचा नाही.

"हार नाका," गोकुळदास दारातच सांगू लागला. "फुलां देवाक घाला. भोपळ्याक काय नाका."

"बघा, किती साधो माणूस," माणसं आपसात म्हणाली आणि आत जाऊन हार घालून आली.

सिद्धी ह्या गर्दीतून वाट काढत मागच्या पडवीत जायची आणि पाण्याची बाटली घेऊन हात वर नेऊन उतरवत बसायची. गोकुळदास दाराआडून बघायचा. हात वर जायचा तो ठीक. खाली येताना खांद्याशी आला की थरथर, बारीक, पण दिसायची. ती ओठ चावायची, पुन्हा वर न्यायची. एकदा तिनं बाटली खाली ठेवली आणि डोळे पुसले. दाराआड गोकुळदासचा जीव अगदी चटका लागल्यासारखा झाला. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं, आज काय वाट्टेल ते होवो, पट्टी काढायची. पण माजघरात येऊन बघतो तर माटोळीखाली नार्व्याचं भजनी मंडळ बसलेलं, आणि ते संध्याकाळपर्यंत उठलं नाही.

"आयज बरी झाली गे?" रात्रीच्या जेवणाला त्यानं तिला विचारलं.

"बाटलीला ओढ नसते बाबा. पट्टी खेचून धरते, हात तिला सोडायला शिकतो. बाटली नुसती जड," सिद्धी म्हणाली. "तू असा का बघतोस? तुला जेवण जात नाही दोन दिवस."

"चवथीचो उपास," गोकुळदास म्हणाला. त्याच्या पानात तेव्हा चौथा मोदक होता.

तिसऱ्या दिवशी भोपळा गणपतीच्या मुकुटाच्या रेषेत आला. त्याच्या बरोबर खाली नैवेद्याचं ताट, आणि ताटामागं देवाची सोंड. गोकुळदासनं डंपरवाल्याच्या नजरेनं अंदाज घेतला. असाच उतरत राहिला तर संध्याकाळच्या आरतीला भोपळा देवाच्या मांडीवर जाऊन बसणार होता. विसर्जनाआधी मूर्तीला धक्का, आणि तोही गोकुळदासच्या घरात. माटोळी सोडायची नाही हा नियम, पण आधार द्यायचा नाही असं कोणी म्हटलंय? तो पुढं सरकला, भोपळ्याच्या एका बाजूला उभा राहिला आणि उजवा तळवा भोपळ्याखाली धरला.

दुपारपासून तो तसाच उभा. माणसं आली की ह्याचा हात भोपळ्याखाली. माणसं गेली तरी हात काढायची सोय नाही, कारण काढला की भोपळा खाली. सत्यवतीनं चहा आणला तो डाव्या हातानं प्यायला.

"किती सेवा करता दादा," सुविधा येणाऱ्या बायकांना सांगत होती. "जेवलोसुदा नाय." तीन-चार बायका गोकुळदासच्याच पाया पडून गेल्या. वाकून नमस्कार करणाऱ्या त्या बायकांकडे बघताना त्याला आपण किती खोल गेलो आहोत ते उमगत होतं आणि खांद्यात आग लागली होती. आधी दंड दुखला, मग खांदा, मग काहीच कळेनासं झालं. हात आपला आहे की खुंटीला टांगलेला, हेसुद्धा.

संध्याकाळी आरतीला माजघर भरून गेलं. डॉक्टर अश्विनी आली, नारळ ठेवला, सिद्धीला म्हणाली, "आरती झाली की बघूया." सिद्धीचा चेहरा उतरला. तिनं आरतीचं तबक डाव्या हातात घेतलं. घुमट घुमलं, शामेळाचा ढोल वाजला, झांजेनं कान भरून गेले. आणि त्या आवाजातून वाट काढत कृष्णनाथ आला. त्याच्या दोन्ही हातांवर झेंडूचा हार होता, मनगटाएवढा जाड, बैलाच्या गळ्यात शोभेल असा.

"कृष्णनाथ, नाका," गोकुळदास पुटपुटला.

"कशाक? देवाचो मान," कृष्णनाथ म्हणाला. "आणि केवण ती. ताणत नाय, सरकत नाय. तूच शिकवलंस मरे माका."

आणि त्यानं हार घातला.

भोपळा वाकला, आणि ह्या वेळी उठला नाही. सगळं वजन गोकुळदासच्या तळव्यावर आलं. त्याचा हात लटपटू लागला, आधी बोटं, मग मनगट, मग खांदा, मग आख्खा गोकुळदास. वर ढकलावा तर ढकलवेना, खाली सावकाश न्यावा तर हात ऐकेना. सोडला तर मूर्तीवर. आरती म्हणणारे म्हणत होते, डोळे मिटणारे मिटून होते, आणि गोकुळदास मुलीकडे बघत होता. तिला सांगणं म्हणजे तिच्या खांद्याचं वाटोळं, न सांगणं म्हणजे देवाचं. पण हात थांबायला तयार नव्हता.

"सिद्धी," तो म्हणाला, "धर गो बाय."

तिनं बापाचा चेहरा बघितला आणि विचार केला नाही. तबक आत्याच्या हातात दिलं, एक पाऊल पुढं आली आणि उजवा तळवा भोपळ्याखाली सरकवला. मागून डॉक्टर अश्विनीचं "उजवा नको" ऐकू आलं, पण तोवर गोकुळदासचा हात बाजूला झाला होता. भोपळा सिद्धीच्या तळव्यावर होता. ती क्षणभर थांबली. मग तिनं तो देवासमोरून बाजूला घेतला आणि खाली आणायला सुरुवात केली.

घुमट बंद पडलं. सगळं माजघर तोंड उघडं टाकून बघत होतं, कारण भोपळा जसजसा खाली येत होता तसतशी वरच्या टाळ्यांतून एक हिरवी पट्टी लांब लांब होत बाहेर निघत होती, संपतच नव्हती. सिद्धीनंही ती बघितली. तिचे डोळे विस्फारले, पण हात हलला नाही. खांद्याच्या रेषेत आला, तिथं नेहमी थरथरायचा, तिथून तो पाण्यातून जावा तसा शांतपणे खाली गेला. छाती, कंबर, गुडघे वाकवून शेवटी पाट. भोपळा पाटावर टेकला तेव्हा आवाजही झाला नाही.

आवाज झाला तो नंतर. टेकलेल्या भोपळ्याच्या देठावरून गाठ सुटली आणि पट्टी सण्णकन वर गेली. जाताना तिनं माटोळीतला एक चिबूड सोडवला आणि तो नेमका कृष्णनाथच्या खांद्यावर येऊन फुटला.

कृष्णनाथनं खांद्यावरच्या बिया सावकाश झटकल्या, वर लोंबणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघितलं आणि मग गोकुळदासकडे.

"गोकुळदास, ही केवण खंयच्या रानातली रे?"

गोकुळदास मुलीकडे वळला. "तुझी पट्टी, बाय. चवथीच्या सकाळी मीच घेतली. माका म्हायत नव्हता कसली ती. मागीर कळला, पण सांगूक तोंड नव्हता."

सिद्धी त्याच्याकडे बघत राहिली. "मी तुळशीमागं शोधली बाबा. गादी फाडायची बाकी ठेवली होती. आणि तू रोज माझ्यासमोर मोदक खात होतास."

"चार खाल्ले," गोकुळदास म्हणाला. ह्या घडीला त्याला दुसरं काही सुचलं नाही. सिद्धीला हसू आवरेना, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं. मग सत्यवती हसली, मग शामेळवाला, आणि मग सगळं माजघर. सुविधा तेवढी हसली नाही.

"रबर असू दी," ती म्हणाली. "पण नमस्कार तर केलो ना त्याणें?"

"माझी निळी दोरी बरी होती," कृष्णनाथ म्हणाला. "निदान खाली येत नव्हती."

डॉक्टर अश्विनी मात्र ह्या कशातच नव्हती. तिनं सिद्धीचा खांदा चाचपला, हात वर नेऊन आणला, बाजूला नेऊन आणला, दुखतं का विचारलं, दुखत नव्हतं. "पट्टीनं वजन थोडं घेतलं, ते मी वजा केलंय," ती म्हणाली. "तरी असा उतरवलेला हात मी दवाखान्यात फार कमी वेळा बघितलाय. असलं धाडस पुन्हा केलंस तर मीच तुझा खांदा काढून ठेवीन. कागद देते. जा, खेळ." सिद्धीनं देवाला नमस्कार केला, डॉक्टरला केला, आणि जाता जाता भोपळ्यालाही केला.

मग डॉक्टरचं लक्ष गोकुळदासकडे गेलं. सगळे आरतीचा दिवा घेत होते आणि हा अजून तसाच उभा, उजवा हात वर, तळवा आकाशाकडे. दोन म्हाताऱ्या त्याच्यासमोर प्रसाद मिळेल म्हणून थांबल्या होत्या.

"काका, हात खाली घ्या आता."

"येत नाय," गोकुळदास म्हणाला.

"येत नाही म्हणजे?"

"माका काय म्हायत. वर रवलो तो रवलो."

डॉक्टरनं कोपराला आधार दिला, कुठं तरी दाबलं, आणि हात धाडकन खाली आला. गोकुळदास "आई गे" म्हणून खालीच बसला, भोपळ्याच्या शेजारी, पाटावर.

भोपळ्याचं विसर्जनानंतर खतखतं झालं, सगळ्या भाज्यांची मिसळ घातलेलं. रबराची गोष्ट गावभर झाली तरी माणसं द्रोण घेऊन आलीच, आणि सुविधानं एक फोड मोरजीला नेली ती अजून खाल्लेली नाही असं ऐकू येतं. सिद्धी हिरवी पट्टी बॅगेत घालून निवडीला गेली. खिडकीच्या गजाला आता पिवळी पट्टी बांधलेली असते, सगळ्यात मऊ, ती गोकुळदासची. रोज सकाळी तो तिच्यासमोर उभा राहतो, आणि रोज सकाळी कृष्णनाथ चहाचा कप घेऊन बाहेरच्या सोप्यावर बसतो, खिडकीतून आत बघत. त्याला कोणी बोलावलेलं नाही. पण तो चुकवत नाही.

एका सकाळी फोन वाजला. गोकुळदासनं तो डाव्या हातानं घेतला.

"बाबा, झालं. संघात घेतलं मला," पलीकडून सिद्धीचा आवाज आला. गोकुळदासनं नुसतं "हां, हां" केलं आणि नाक ओढलं. सत्यवती देवाला साखर ठेवायला धावली.

"आणि तुझं काय? कुठल्या रंगावर आलास?"

"येतंय, येतंय हळूहळू," गोकुळदास म्हणाला. "तांबडीच्या जवळ पावलोच म्हण."

"खोटा गो," सोप्यावरून कृष्णनाथचा आवाज आला. "उतरवताना अजून थरथरता."